मुक्या डब्यांची खोली

१

ताई सापडली तेव्हा तिच्या मांडीत चार नंबरचा मुका डबा होता. डब्याला नवी चिकटपट्टी लावलेली होती, पण ती अर्धीच बसली होती. उरलेली अर्धी हवेत उभी होती.

जी बाई टोपण न लावता पेन खाली ठेवत नाही, ती चिकटपट्टी अर्धी सोडून झोपी जात नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली ती एवढ्यावरूनच.

मुके डबे ही ताईची कल्पना. लाकडी, हातात मावणारे, चारी बाजूंनी बंद. आत काहीतरी ठेवलेलं असतं. मुलांनी डबा हलवायचा, कलता करायचा, कानाला लावायचा, तोलायचा, बाहेरून लोहचुंबक फिरवायचं आणि आत काय असू शकेल ते सांगायचं. डबा उघडायचा नाही. बरोबर की चूक हेही कुणी सांगायचं नाही. ‘असं का वाटतं?’ एवढंच शिक्षकाने विचारायचं. या डब्यांभोवती ताईने विचार करायला शिकवणारा अख्खा अभ्यासक्रम उभा केला होता. वर्षभर तो तिच्या शाळेत चालला. आता शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांत तो नेण्यासाठी निधी द्यायचा की नाही, हे परवा निधी समिती ठरवणार होती. समितीसमोर ताई बोलणार होती.

आणि आज सकाळी ती शाळेच्या जिन्याखालच्या कोठीत बेशुद्ध सापडली.

“घाबरू नका,” भिंगसर म्हणाले. ते विज्ञान शिकवतात. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असतं, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. ताईचा उजवा हात. तिला कोठीतून बाहेर ओढून काढलं तेही त्यांनीच. “रक्तदाब असणार. किती दिवस जागरणं चालली होती त्यांची. मी डॉक्टरांना तसं सांगितलंय. तुम्ही धावपळ करा, मी इथे बसतो. मी इथून हलणार नाही.”

मला रडूच आलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

मी स्वभावाने भित्री आहे. ताई मला लहानपणापासून भागूबाई म्हणते. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथेही कुणी मोठ्याने दार लावलं तर माझ्या हातातली काचनळी हलते. त्यामुळे डॉक्टरांनी बाजूला बोलावलं तेव्हा मी भिंत धरूनच गेले.

“रक्तदाबाचं म्हणताय, पण तो व्यवस्थित आहे,” ते म्हणाले. “हृदय ठीक, डोक्याला मार नाही. रक्त मात्र नको इतकं आम्लधर्मी झालंय. फार वेळ श्वास कोंडला की होतं तसं. पण गळ्यावर खूण नाही, नाकातोंडावर काही दाबल्याची खूण नाही.” त्यांनी चष्मा काढला. “एक विचारू? त्या खोलीत हवा नव्हती का?”

२

हवा होती. निदान आता तरी होती. मी कोठीच्या दारात उभी होते आणि आत पाय टाकण्याचं धाडस होत नव्हतं.

कोठी जमिनीच्या पातळीखाली आहे. दारातून काही पायऱ्या उतराव्या लागतात. खिडकी नाही. छताजवळ विटेएवढं जाळीचं भोक, तेवढंच. दाराला स्प्रिंग आहे, सोडलं की आपोआप बंद होतं. दिव्याचं बटण बाहेर.

ताईच्या साहित्यातली एक मेणबत्ती मी पेटवली आणि काठीला बांधून आधी तिला आत पाठवलं. छातीच्या उंचीला जळत होती. गुडघ्याच्या. फरशीला टेकवली तरी जळत होती. मग दिवा लावला, दाराला वीट लावली आणि मी उतरले.

ताई बसायची ती चटई तशीच होती. डबे सगळ्यात खालच्या फळीवर असत, म्हणून त्यांचं काम ती जमिनीवर मांडी घालूनच करायची. शाळेत सगळ्यांना हे ठाऊक होतं. चार नंबरचा डबा कुणीतरी चटईवर ठेवून दिला होता. बाकीचे ओळीने मांडलेले. मी त्याला हात लावला नाही.

वर्गांनी पाळलेले प्राणी शाळा सुटल्यावर इथेच ठेवतात. छताला टांगलेल्या पिंजऱ्यात दोन पक्षी होते, जाळीच्या भोकाशी. मला पाहून त्यांनी कलकलाट केला. खाली फळीच्या कोपऱ्यात पांढऱ्या उंदरांची पेटी होती. उंदीर एकमेकांना चिकटून झोपले होते. मी पेटीवर टिचकी मारली. मग आणखी एक.

ते झोपले नव्हते.

मी मागे सरले. वरचे जिवंत, खालचे मेलेले. ताईही खालीच बसली होती.

माझं डोकं भीतीने गार पडलं की एका बाबतीत बरं चालतं: ते एकेक गोष्ट पाहत सुटतं. मागच्या फळीखाली पुठ्ठ्याची खोकी होती. त्यांचे तळ लिबलिबीत झाले होते, हात लावला तर पुठ्ठा सोलून आला. कोठीत नळ नाही. भिंतींना ओल नाही. खोक्यांच्या मध्ये जुनं गोणपाट होतं, तेही दमट. काहीतरी अतिशय थंड तिथे रात्रभर पडून होतं. इतकं थंड, की हवेतलं पाणी त्याच्यावर गोठलं आणि नंतर खाली ठिबकलं. ते काहीतरी मात्र आता कुठेच नव्हतं.

कोरडा बर्फ. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं पाणी होत नाही, थेट वायू होतो. हवेपेक्षा जड, त्यातून थंडगार. खोलगट जागेत पाण्यासारखा साचतो. दिसत नाही. त्यात बसलेल्या माणसाला दोन-चार श्वासांत अंधारी येते. आणि दार उघडं राहिलं, माणसांची ये-जा झाली की हवेत मिसळून शस्त्र आपल्या पायांनी निघून जातं.

मी ताठ उभी राहिले. वरून पावलं ऐकू आली. दार धाडकन बंद झालं आणि दिवा गेला.

मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. मी फक्त ती ज्योत वर धरली, होता होईल तेवढी वर.

दाराला बाहेरून कडी लागत होती.

३

“कोण आहे आत?”

“मी!” हा आवाज माझाच होता, हे मला उशिरा कळलं.

कडी निघाली. दारात हेडसर होते, माझ्याइतकेच घाबरलेले. “अहो बाई, सांगून तरी जायचं! उघडं दार दिसलं, वीट काढून लावून घेतलं. एक प्रकार झालाय तेवढा पुरे नाही का?”

त्यांनी मला त्यांच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. कोरड्या बर्फाचं मी विचारलं तेव्हा ते वैतागलेच.

“तो ना? समितीला धुराचा प्रयोग दाखवायला मागवला होता. काल दुपारीच आला, थर्मोकोलच्या पेटीत. विज्ञानाच्या खोलीत ठेवला, कुलूप नव्हतं. आज सकाळी बघतो तर पेटी रिकामी, कोरडी ठणठणीत! मी शिपाई मावशींना विचारलं, अहो बर्फ वितळला तर पाणी कुठं गेलं? कोणी प्यायलं? भिंगसर हसले. म्हणाले, सर, तो उडूनच जातो.”

खरं आहे, उडतो. पण बंद पेटीतला एवढा बर्फ एका रात्रीत सगळा उडत नाही. हे भिंगसरांना माहीत असणार, असं तेव्हाच माझ्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. माणसाचे हात धरून रडलं की त्याच्याकडे नीट पाहता येत नाही.

“तुम्हाला ताईचा अभ्यासक्रम आवडत नाही,” मी म्हणाले.

“आवडत नाही म्हणजे? परवा एका पोरीने भर वर्गात विचारलं, सर, घंटा तुमच्या घड्याळाने होते की खऱ्या वेळेने? काय सांगू मी तिला?” मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. “माझं घड्याळ पुढे होतं, बाई. मी लावून घेतलं.”

पाणी शोधणाऱ्या माणसाने बर्फ नेला नव्हता. कोठीत काय होणार ते ठाऊक असतं तर त्याने पाण्याची चौकशी केलीच नसती.

हेडसरांनीच सांगितलं, काल संध्याकाळी शाळेत बाहेरचा एक पाहुणा होता. परीक्षेची गाईडं छापणारे, ज्यांना सगळे गाईडवाले काका म्हणतात. त्यांचं दुकान शाळेच्या समोरच. नव्या अभ्यासक्रमाला गाईड निघू शकत नाही, कारण त्याला उत्तरंच नाहीत. निधी मिळाला तर यांचा धंदा बसला.

“या, या. संशय घ्यायला आलात ना?” काका गठ्ठे बांधता बांधता म्हणाले. “आज सकाळपासून गिऱ्हाईकसुद्धा माझ्याकडे खुन्यासारखं बघतंय. बाई, मी उत्तरं विकतो. माणसं मारत नाही. काल मी हेडसरांच्या खोलीत बसलो होतो, त्यांनीच मला फाटकापर्यंत हाकललं. विचारा.”

मी विचारलं होतं. खरं होतं.

“आणि खरं सांगू? मला काळजीच नव्हती. तुमच्या ताईंचा डबा मुका कसला, चांगला बोलका आहे! भिंगसरांच्या वर्गातली पोरं माझ्या दुकानासमोर उड्या मारत म्हणतात: एकात खिळा, दोनात वाळू, तिनात सुपारीएवढा दगड, चारात गोटी आणि निळं बटण! पाढ्यासारखं पाठ. म्हटलं, चला, यांचंही गाईड निघालं, तेही फुकट.”

ते हसले. मीही भिडेखातर हसले आणि दुकानाबाहेर पडले.

रस्ता ओलांडताना मी मधेच थांबले. मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला.

गोटी घरंगळते. चपटं काही असेल तर सरकतं. कान लावून एवढं कळतं. सरकणारं बटण आहे की नाणं की डब्याचं झाकण, हे कळत नाही. आणि ते निळं आहे, हे तर जगातल्या कुठल्याच कानाला कळणार नाही.

ती मुलं विचार करून सांगत नव्हती. त्यांना कुणीतरी आतलं पाहून सांगितलं होतं. आणि ताईच्या अहवालात, वर्षअखेरीच्या डब्यांच्या चाचणीत, सगळ्यात जास्त प्रगती त्याच वर्गाची होती. समिती निधी देणार होती ती त्याच वर्गाच्या गुणांवर.

शिपाई मावशी पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. ताईला आधी पाहिलं ते त्यांनी.

“अजून ठणकतंय बघा,” त्या म्हणाल्या. “आत गेले आणि नाकात असं झणझणलं, सोड्याची बाटली घटाघटा प्यायल्यावर होतं तसं. बाई बसल्याजागी कलंडलेल्या, डबा मांडीतच. मी ओरडले तर भिंगसर लगेच आले, जणू दाराशीच होते. मी खाली बसून बाईंचं डोकं मांडीवर घेणार, तर सर माझ्यावर केवढ्यांदा खेकसले! ‘वाकू नका! कुणी खाली वाकू नका!’ मला दंडाला धरून वर खेचलं. स्वतः श्वास रोखून आत गेले, बाईंना काखेत धरून ओढलं. देवासारखे आले. नाहीतर मीही गेलेच असते.”

“हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?”

“मला कोण विचारतंय? डॉक्टरांशी सरच बोलले.”

वायू खाली साचलाय हे ज्याला माहीत होतं, तो वाकू नका म्हणून ओरडला. माहीत असणं हा गुन्हा नाही, ते विज्ञानच शिकवतात. पण मग त्यांनी डॉक्टरांना रक्तदाब का सांगितला? खोलीत पाऊल टाकण्याआधी त्यांना वायू कळला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते विसरले?

“मावशी,” मी म्हणाले. “भिंगसर आत्ता कुठे आहेत?”

“असं काय विचारता? तुम्हीच बसवलंत ना त्यांना. बाईंच्या उशाशी.”

४

दवाखान्याचा जिना मी कसा चढले, आठवत नाही. भेटीची वेळ संपत आली होती. लोक उतरत होते, मी एकटी उलट्या दिशेने धक्के खात चढत होते.

दार अर्धवट उघडं होतं. ताई होती तशीच, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. भिंगसर खुर्चीत, तिच्या अगदी जवळ. त्यांचा हात प्राणवायूच्या नळीवर होता.

“दुमडली होती,” ते न वळता म्हणाले. “सरळ केली.”

मी भिंतीवरच्या प्राणवायूच्या मापकाकडे पाहिलं. त्यातली छोटी गोळी सकाळी होती तिथेच तरंगत होती. तेवढंच मला पाहता येत होतं. नळी खरंच दुमडली होती का, ते मला आजही माहीत नाही.

“हात काढा, सर.”

त्यांनी काढला. मी त्यांच्या आणि ताईच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पलंगाची कड धरली.

“निळं बटण,” मी म्हणाले.

त्यांनी गळ्यातलं भिंग दोरीवर फिरवलं. मग हळूच म्हणाले, “कोण बोललं?”

“सगळा वर्ग. रस्त्यावर उड्या मारत.”

“पोरं ती.” ते चक्क हसले. त्या हसण्यात माया होती. “तुम्हाला वाटेल, मला अभ्यासक्रम बुडवायचा होता. उलट आहे. माझ्याइतका त्याच्यावर जीव कुणाचाच नाही. पण समितीला गुण हवेत. वर्षभरात विचार करायला लागलेलं पोर गुणात दिसत नाही हो! ते आधी गोंधळतं, उलट कमी लिहितं. मी म्हटलं, एक वर्ष. निधी येऊ दे, मग पुढे सगळं खरं करू. डबे उघडले, पाहिले, पुन्हा चिकटवले. मुलांना सांगितलं.”

“आणि ताईला कळलं.”

“परवा. म्हणाल्या, समितीला मी तुमच्या वर्गाचे गुण काढून टाकायला सांगणार. आणि डब्यांच्या आतलं सगळं बदलणार. मी पाया पडलो. म्हणाल्या, ‘मुलांना विचार करायला शिकवायचं आणि खोट्याने सुरुवात करायची?’” त्यांचा आवाज चिरका झाला. “मला त्यांना मारायचं नव्हतं. दोन दिवस अंथरुणात राहिल्या असत्या तर समितीपुढे मी बोललो असतो. मी दाराबाहेरच उभा होतो. पडल्याचा आवाज आला की लगेच ओढायचं, असं ठरवलं होतं. पण त्या बसल्या होत्या. बसलेल्या माणसाचा पडल्याचा आवाज येत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

ताईच्या मुखवट्यावर वाफ धरत होती आणि विरत होती.

“आता तुम्ही विचार करा,” ते म्हणाले. प्रेमाने म्हणाले, वर्गात म्हणत असतील तसं. “हे तुम्ही बोललात तर निधी गेला. ताईंचं अख्खं आयुष्य त्यात आहे. न बोललात तर? कोरड्या बर्फाचा काहीच पुरावा नाही. त्या शुद्धीवर येतील तेव्हा निधी हातात असेल. तुम्ही तशाही घाबरट आहात, त्याच म्हणतात. घरी जा. झोपा.”

सगळ्यात भयंकर हे होतं, की मला घरी जावंसं वाटलं.

मी नर्सच्या घंटीचं बटण दाबलं आणि हात न उचलता दाबून ठेवलं. ती धावत आली, मागून डॉक्टर. “तिच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड गेलाय,” मी म्हणाले. “आणि यांना हे सकाळपासून माहीत होतं. पोलिसांना बोलवा.”

भिंगसर पळाले नाहीत. त्यांनी गळ्यातलं भिंग काढून ताईच्या उशाशी ठेवलं. पोलिस येईपर्यंत मी त्या भिंगाकडेही पाठ केली नाही.

५

समितीसमोर मी बोलले. चार माणसांत बोलायची वेळ आली तर माझं धाबं दणाणतं, तरी बोलले. ताईला जे सांगायचं होतं तेवढंच सांगितलं: त्या वर्गाचे गुण खोटे आहेत, ते मोजू नका.

अध्यक्ष म्हणाले, “मग उरलं काय?”

मी पिशवीतून चार नंबरचा डबा काढला. चिकटपट्टीचा उभा राहिलेला भाग मी अंगठ्याने दाबून बसवला होता. आत डोकावले नव्हते. सोपं नव्हतं ते.

भिंगसरांचाच वर्ग समोर बसला होता. डबा पाहताच मुलं एका सुरात ओरडली, “गोटी आणि निळं बटण!” कुणी डब्याला हातही लावला नव्हता. समितीतला एक जण हसला, मग कुणीच हसलं नाही.

मी डबा पहिल्या बाकावर ठेवला. “हलवून बघा,” म्हणाले.

एका मुलीने उचलला. हलवला. कानाला लावला. तिचा चेहरा पडला. तिने मागे वळून सगळ्या वर्गाकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथे सर उभे राहायचे. ती किती घाबरली होती हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच कळलं नसेल.

“हा... हा वाजत नाही,” ती म्हणाली.

“अगं चारच आहे तो!” मागून कुणीतरी ओरडलं. “निळं बटण!”

“असेल चार. पण वाजत नाही.” तिने तो आडवा केला, उभा केला. “रिकामा असेल. नाहीतर गच्च भरलेला. दुसऱ्या डब्याशी तोलून बघू का?”

“पण आत आहे काय?” अध्यक्षांनी मला विचारलं.

“मला माहीत नाही.”

“म्हणजे? उघडा की!”

“तो उघडायचा नसतो,” ती मुलगीच म्हणाली.

अध्यक्षांनी डबा तिच्याकडून मागून घेतला. हलवला. पुन्हा हलवला. पुढचं सगळं कामकाज ते एका हाताने चालवत होते.

निधी मिळाला, पण थोड्याच शाळांना आणि एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी पुन्हा समितीसमोर यायचं. ताई शुद्धीवर आली तेव्हा मी तिला हे आधी सांगितलं, बाकीचं नंतर. भिंगसरांचं ऐकताना तिने डोळे मिटून घेतले. मग उघडून माझ्याकडे पाहिलं.

“घाबरलीस का गं, भागूबाई?”

“हो. अजूनही घाबरलेय. दार वाजलं की दचकते.”

तिने माझा हात धरला. बोटांत फार जोर नव्हता.

“ताई, एक विचारू? त्या डब्यात तू काय ठेवलं होतंस?”

“तू हलवलास?”

“हो.”

“मग काय ऐकलंस?”

“काहीच नाही.”

“मग तेवढंच म्हणायचं,” ताई म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.